खटल्याआधीची शिक्षा

11 फेब्रुवारी 2010 च्या रात्री कुर्ल्याच्या टॅक्सीमेन्स कॉलनीतील एका लहानशा कचेरीत ॲड. शाहिद आझमी यांचा गोळ्या घालून खून झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे 32 वर्षांचे होते. गोवंडीत वाढलेला हा मुलगा 1992-93 च्या दंगलींच्या छायेत वयात आला, 1994 साली टाडाखाली पकडला गेला आणि तिहारच्या तुरुंगात उमेदीची वर्षे घालवून 2001 साली बाहेर पडला. त्यानंतर कायद्याची पदवी घेऊन त्याने काळा डगला चढविला आणि आरोपीच्या बाजूने उभे राहण्याचे व्रत घेतले. सातेक वर्षांच्या वकिलीत 17 जणांची निर्दोष सुटका त्यांच्या नावावर नोंदली गेली. त्यांच्या पूर्वायुष्याविषयी कोणाचे काहीही मत असो, ज्या न्यायव्यवस्थेने आपल्याला वर्षानुवर्षे कोंडून ठेवले तिच्याच पोटात शिरून, तिच्याच नियमांनी तिला जाब विचारावा, हा मार्ग त्यांनी निवडला. लोकशाहीवर याहून मोठा विश्वास तो कोणता असू शकतो? त्या विश्वासाची परतफेड मात्र विलक्षण झाली. या वकिलाच्या स्वतःच्याच खुनाचा खटला दहा वर्षे उलटून गेल्यावरही निकाली निघालेला नव्हता.

आझमींचे नाव झाले ते गाजलेल्या खटल्यांमुळे. डिसेंबर 2002 मधील घाटकोपर बस स्फोटाच्या प्रकरणात पोटाखाली गोवलेले आरोपी 2005 साली पुराव्याअभावी सुटले. याच प्रकरणात पकडलेला परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस हा कोठडीतून पळाल्याचा पोलिसांचा दावा राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात खोटा ठरला. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याच्या खटल्यात हल्लेखोरांना नकाशा पुरविल्याचा आरोप असलेल्या एका भारतीय आरोपीचे वकीलपत्र आझमींनी घेतले होते. मेलेल्या हल्लेखोराच्या रक्ताने भिजलेल्या विजारीच्या खिशात सापडल्याचे सांगितले गेलेल्या त्या नकाशावर रक्ताचा डागही नव्हता. आझमींच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, 3 मे 2010 रोजी, विशेष न्यायालयाने त्या आरोपीस निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने 2011 साली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली ती सुटका कायम केली.

पण सर्वांत विदारक उदाहरण 11 जुलै 2006 च्या लोकलगाड्यांतील स्फोटांचे आहे. 180 हून अधिक माणसे त्या संध्याकाळी घरी परतली नाहीत. ते बॉम्ब गोवंडीतील एका लहानशा खोलीत तयार झाले, असे अभियोग पक्षाचे म्हणणे होते. या खटल्यातील काही आरोपींचे काम आझमी पाहत होते. 2015 साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले. त्यांपैकी पाच जणांना फाशी झाली आणि सात जणांना जन्मठेप. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांना निर्दोष ठरविले. कबुलीजबाब विश्वासार्ह नव्हते, एकमेकांच्या नकला असल्यासारखे होते आणि ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकारच नव्हता, असे न्यायालयास आढळले. तोपर्यंत बारांपैकी एक जण तुरुंगातच करोनाने मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. एकोणीस वर्षांनी हिशेब काय उरला? आरोपींचे आयुष्य गेले आणि मृतांच्या घरच्यांना आपली माणसे कोणी मारली याचे उत्तरही मिळाले नाही. सदोष तपासाने आरोपीवर जेवढा अन्याय होतो, तेवढाच तो फिर्यादीवरही होतो, हा या खटल्याचा खरा धडा होय.

ज्या खटल्यांवर साऱ्या देशाचे डोळे लागलेले होते, ज्यांत नामवंत वकील उभे होते, त्यांची ही कथा. मग ज्या खटल्यांकडे कोणाचेच लक्ष नसते त्यांचे काय होत असेल, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने स्वतःला विचारला पाहिजे.

गोवंडी, शिवाजीनगर, देवनार, मानखुर्द या ठाण्यांतून पकडलेली माणसे कुर्ल्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभी केली जातात. महापालिकेनेच प्रसिद्ध केलेल्या 2009 च्या मानवी विकास अहवालात एम-पूर्व प्रभागाचा निर्देशांक 0.05 म्हणजे मुंबईच्या 24 प्रभागांत सर्वांत कमी होता. शहराचा कचरा 1927 पासून जेथे टाकला जात आला, शहराला मांस पुरविणारा कत्तलखाना 1971 पासून जेथे चालत आला आणि शहराच्या रस्ते-रेल्वे प्रकल्पांनी उठविलेली कुटुंबे जेथे आणून कोंबली गेली, तो हा भाग. येथील आरोपी म्हणजे बहुधा मोबाइल चोरीच्या, मारामारीच्या किंवा गांजाच्या पुडीच्या प्रकरणात सापडलेला विशीतला तरुण असतो. त्याच्या बाजूने उभा राहणाऱ्या वकिलाला न्यायालय कसे दिसते, हे समजून घेतल्याशिवाय फौजदारी न्यायाविषयी कोणतीही चर्चा पोकळच ठरेल.

आरोपीच्या वकिलाला पहिला अडथळा भेटतो तो पहिल्याच दिवशी. अटकेनंतर 24 तासांच्या आत आरोपीला न्यायासनासमोर आणले पाहिजे, ही घटनेची आज्ञा आहे. भागलपूरच्या अंध केलेल्या कैद्यांच्या प्रकरणात 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मोफत वकिलाचा हक्क या पहिल्या हजेरीपासूनच सुरू होतो. 1986 च्या सुखदास प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले आणि आरोपीने मागणी केली नाही म्हणून हा हक्क बुडत नाही, असे सांगितले. प्रत्यक्षात रिमांडचे काम काही मिनिटांत उरकते. पोलिसांचा रिमांड अर्ज वकिलाच्या हाती पडतो तो पुकारा होण्याच्या सुमारास. आरोपीशी बोलायचे ते पोलिसाच्या देखत, दाराशी उभे राहून. जबाब मराठीत, हुकूम पुष्कळदा इंग्रजीत आणि आरोपीची भाषा हिंदी किंवा भोजपुरी. आपल्याविषयी काय ठरले, हे त्याला लॉकअपमध्ये परतल्यावर शिपायाकडून कळते.

अटकेची कारणे आरोपीला समजतील अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत आणि ती रिमांडच्या निदान दोन तास आधी दिली पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2025 रोजी दिला. हा निर्णय वरळीतील एका मोटार अपघाताच्या प्रकरणातून आला. पैसेवाल्या आरोपीला चांगला वकील मिळतो, तो मुद्दा दिल्लीपर्यंत नेतो आणि त्यातून सर्वांसाठी नियम तयार होतो, हे स्वागतार्हच आहे. परंतु शिवाजीनगरच्या पोराच्या हातात तो लेखी कागद खरोखर पडतो की नाही, आणि पडला नाही तर त्याबद्दल तोंड उघडायला तेथे कोणी असतो की नाही, यावर त्या नियमाचे मोल ठरणार आहे.

दुसरा अडथळा जामिनाचा, आणि तो निव्वळ अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. 1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. वरच्या न्यायालयाने जामीन मंजूर केला असताना खालच्या न्यायदंडाधिकाऱ्याने 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या वृत्तीवर कठोर कोरडे ओढले आणि गरिबाला केवळ जातमुचलक्यावरही सोडता येते हे बजावले. त्याला आता जवळजवळ अर्धशतक लोटले. तरीही कुर्ल्यात आज जामीन मंजूर होणे आणि सुटका होणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

समजा, एका बिगाऱ्याला दिवसाला 600 रुपये मजुरी मिळते आणि महिन्यातून 20 दिवस काम लागते. 15,000 रुपयांचा रोख जामीन म्हणजे त्याची 25 दिवसांची मजुरी, अर्थात सव्वा महिन्याची सबंध कमाई. रोख नको असेल तर ऐपतदार जामीनदार आणा, त्याची शिधापत्रिका, वीजबिल, पगाराची पावती, घराची कागदपत्रे आणा. ज्याचे घर महापालिकेच्या कागदावर नाहीच त्याचा शेजारी हे कोठून आणणार? मग न्यायालयाच्या आवाराभोवती पैसे घेऊन जामीन राहणाऱ्यांचा बाजार उभा राहतो, आणि खोटा जामीनदार सापडला की सगळ्याच गरिबांच्या जामिनावर संशय घेतला जातो. बाहेर आल्यावरही खर्च संपत नाही. महिन्याला एक तारीख धरली तरी दोन वर्षांत 24 दिवसांची म्हणजे 14,400 रुपयांची मजुरी बुडते. तारखांचाच भुर्दंड जवळजवळ जामिनाएवढा होतो, आणि पुष्कळशा तारखांना साक्षीदार आलेला नसतो, किंवा तुरुंगातील सहआरोपीला आणायला पोलीस बंदोबस्त मिळालेला नसतो. एखादी तारीख चुकली की वॉरंट निघते आणि जामीनही जातो.

याचा परिणाम तुरुंगात दिसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 माणसे होती आणि त्यांपैकी 4,34,302 जणांचा खटला अद्याप पुरा व्हायचा होता. दर चार कैद्यांत तीन जण कच्चे कैदी. मंजूर क्षमता 804 असलेल्या मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात तीन हजारांहून अधिक माणसे कोंबली गेली. 1979 साली हुसैनारा खातून प्रकरणाने बिहारच्या तुरुंगांतील हा नरक उघडा केला आणि जलद सुनावणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी 26 नोव्हेंबर 2022 रोजी संविधानदिनी गरीब कच्च्या कैद्यांची व्यथा न्यायमूर्तींसमोरच मांडली. बोलले जात नाही असे नाही. नियमही होतात. जामीन मंजूर होऊन महिना उलटला तरी कैदी सुटला नाही तर न्यायालयाने आपण होऊन अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 31 जानेवारी 2023 चा आदेश आहे. त्याच वर्षी गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची केंद्राची योजना आली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. पण त्याच कलमात एक मेख आहे. ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे चालू आहेत त्याला हा लाभ नाही. वस्तीतल्या एकाच पोरावर तीन किरकोळ प्रकरणे लावणे पोलीस ठाण्याला अवघड नसते, हे ज्याने गोवंडी पाहिली आहे त्याला सांगावयास नको. शिवाय त्याच संहितेने 15 दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागण्याची मुभा दिल्यामुळे, जामिनाच्या अर्जाला विरोध करण्याचे नवे निमित्त तपासयंत्रणेच्या हाती आले आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत करुण आहे, आणि ती आकडेवारीत दिसत नाही. पाचसहा महिने आत काढलेल्या आरोपीला कोणीतरी सुचवितो की गुन्हा कबूल कर, काढलेल्या मुदतीवर सुटशील. हिशेब सरळ असतो. निर्दोष म्हणून लढायचे तर आणखी वर्ष आत. दोषी म्हणून मान डोलावली तर आजच घर. निरपराध माणसालाही गुन्हेगार ठरणे परवडावे आणि निर्दोष राहणे परवडू नये, असा हा व्यवहार आहे. वकिलाने अशा वेळी काय सल्ला द्यावा? तत्त्व सांगावे, की बाहेर उपाशी बसलेली त्याची आई दाखवावी? ज्या व्यवस्थेत प्रामाणिक वकिलालाही या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सापडत नाही, ती व्यवस्था शिक्षा खटल्यानंतर देत नाही, खटल्याआधीच देते.

त्या एका कबुलीने प्रकरण मिटत नाही. ठाण्याच्या दप्तरात तो 'सराईत' होतो. सणावाराला, निवडणुकीला त्याला उचलायचे, त्याच्यावर चॅप्टर केस करायची, पुढे तडीपारीची नोटीस द्यायची. मुंबईत चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागण्याचा अधिकार साहाय्यक पोलीस आयुक्तांकडे असतो. म्हणजे आरोप करणारे आणि निवाडा करणारे एकाच खात्याचे. गुन्हेगार जमातींचा 1871 चा कायदा 1952 साली रद्द झाला, पण 1959 च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याच्या रूपाने त्याची सावली मागे राहिली. पारध्याच्या पालावर ती आजही पडते.

याबाबतीत समाजवादी चळवळीला आपल्याच इतिहासाची आठवण करून देणे अनाठायी होणार नाही. नोव्हेंबर 1968 मध्ये मधू लिमये यांना बिहारमधील लखीसराय येथे अटक झाली तेव्हा त्यांनी प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि अटकेची कारणे सांगितली नाहीत एवढ्याच मुद्द्यावर न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. पुढे 1970 साली त्यांच्याच दुसऱ्या प्रकरणात चॅप्टरच्या तरतुदी वैध ठरल्या खऱ्या, परंतु आरोपांच्या खरेपणाची चौकशी सुरू केल्याशिवाय तात्पुरता बाँड मागता येणार नाही, अशी मर्यादा न्यायालयाने घालून दिली. वरळीच्या प्रकरणात 2025 साली जे तत्त्व विस्तारले, त्याच्या मुळाशी असा एका समाजवादी नेत्याचा झगडा आहे. 1975 ते 1977 या काळात मिसाखाली शेकडो कार्यकर्ते तुरुंगात गेले. त्यांनी तेथे कच्च्या कैद्यांचे हाल डोळ्यांनी पाहिले. राजबंद्यांची सुटका झाली, त्यांचे सत्कार झाले. शेजारच्या बराकीतला खिसेकापू तेथेच राहिला, आणि चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्याचे नाव कधीच ठळकपणे आले नाही. हा दोष मान्य केला पाहिजे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की गोवंडीत गुन्हे खरोखरच होतात, आणि त्यांची झळ गरिबालाच बसते. हे अक्षरशः खरे आहे. रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगाराचा मोबाइल जातो, नशेच्या गोळ्यांनी कष्टकऱ्याचीच पोरे वाया जातात, आणि त्या बायाबापड्यांना पोलीस हवे असतात. पण त्यांना हवा असतो तो खरा गुन्हेगार सापडणे. ठरलेल्या पंचांच्या सह्या, एका साच्यातले जबाब आणि संशयास्पद जप्ती यांवर उभारलेला खटला पहिल्या उलटतपासणीतच कोसळतो आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण नव्या संहितेने सक्तीचे केले आहे. ते प्रामाणिकपणे झाले तर आरोपीइतकाच फिर्यादीचाही लाभ आहे. चांगला बचाव हा चांगल्या तपासाचा शत्रू नसून त्याची कसोटी आहे.

दुसरा आक्षेप असा की न्यायाधीश आणि पोलीस कामाच्या ओझ्याखाली दबलेले आहेत. हेही खोटे नाही. विधी आयोगाने 1987 साली आपल्या 120 व्या अहवालात दहा लाख लोकांमागे न्यायाधीशांची संख्या साडेदहावरून 50 वर नेण्याची शिफारस केली. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांत तसे करण्याचा आदेश दिला. आज मंजूर पदे जेमतेम 21 च्या आसपास आहेत, आणि तीही सगळी भरलेली नाहीत. दिवसाला शंभरावर प्रकरणे समोर असलेल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडून प्रत्येक रिमांड अर्ज बारकाईने वाचला जाण्याची अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. परंतु पदे न भरण्याचा निर्णय हा आर्थिक निर्णय आहे. सागरी सेतू आणि भुयारी रेल्वे यांसाठी हजारो कोटी सापडतात, पण कुर्ल्याच्या आणखी चार न्यायासनांसाठी सापडत नाहीत. अर्थसंकल्पात कोणाची गरज आधी मोजायची याविषयीची शासनाची निवड यातून उघड होते. या ओझ्याची किंमत न्यायाधीश मोजत नाही, सरकार तर मोजतच नाही. ती आर्थर रोडच्या बराकीत एका कुशीवर झोपणारा कैदी मोजतो.

मग करावयाचे काय? मोफत कायदेशीर साहाय्याचे तत्त्व 1976 साली घटनेच्या 39-अ अनुच्छेदात आले. तुरुंगातील कैद्याला निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील मिळालाच पाहिजे, हे 1978 साली महाराष्ट्रातल्याच होस्कोट प्रकरणात ठरले. विधी सेवा प्राधिकरणाचा 1987 चा कायदा 1995 पासून अमलात आला, आणि 2022 पासून आरोपींसाठी पूर्णवेळ वकील नेमण्याची योजनाही आहे. तेव्हा नव्या कायद्याची मागणी करण्यापेक्षा असलेल्या कायद्याची अंमलबजावणी मागणे हेच पहिले काम होय. प्रत्येक रिमांड न्यायालयात कामकाज सुरू होण्यापूर्वी सरकारी खर्चाचा वकील हजर हवा आणि त्याला कागदपत्रे वाचण्यास व आरोपीशी एकांतात बोलण्यास वेळ हवा. जामिनाची रक्कम ठरविताना आरोपीच्या मिळकतीची नोंद हुकुमात हवी. जामीन मंजूर होऊनही आत असलेल्यांची यादी तुरुंगाने दरमहा प्रसिद्ध करावी. रिकाम्या न्यायासनांवर नेमणुका व्हाव्यात. या मागण्यांत क्रांतिकारक असे काहीच नाही.

पण मागण्या पत्रकातून पुऱ्या होत नाहीत. देवनारला जिचे आवार आहे त्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या प्रकल्पातील समाजकार्यकर्ते 1990 पासून पोलीस ठाणी आणि तुरुंग यांत बसून कैद्यांशी बोलत आले आहेत, त्यांची घरे शोधत आले आहेत, वकिलाशी त्यांची गाठ घालून देत आले आहेत. हे काम मोर्च्यासारखे दिसत नाही आणि त्यात छायाचित्रही येत नाही. पक्षाच्या पूर्व उपनगरांतील शाखांनी आठवड्यातून एक दिवस कुर्ल्याच्या न्यायालयात दोन कार्यकर्ते बसविले, आपल्या वस्तीतल्या कोणाला पकडले याची नोंद ठेवली, त्याच्या घरी निरोप पोहोचविला, शिधापत्रिका आणि वीजबिल गोळा करून दिले आणि ज्याला खरोखर ओळखतो त्याच्यासाठी जामीन राहण्यास कार्यकर्ता स्वतः पुढे झाला, तर एका वर्षात कितीतरी माणसे घरी येतील. निवडणुकीच्या मतदारयाद्या घरोघर तपासणाऱ्या संघटनेला हे अशक्य नाही.

शाहिद आझमींच्या कचेरीची पायरी चढणाऱ्या माणसांजवळ फीचे पैसे क्वचितच असत. त्यांना हवा असे तो आपली बाजू ऐकून घेणारा एक माणूस. अशी माणसे गोवंडीत आजही आहेत, आणि उद्या सकाळी त्यांच्यातल्या कोणाचा तरी मुलगा कुर्ल्याच्या न्यायालयात उभा केला जाईल. त्याच्या नावाचा पुकारा होईल तेव्हा त्याच्या बाजूने कोण उभे असेल, हे ठरविणे चळवळीच्या हाती आहे.